पायरी ओळखून : कनकेश्वराच्या वाटेचे एक विवेचन

अलिबाग तालुक्यातील थळ हे गाव समुद्राकडे तोंड आणि डोंगराकडे पाठ करून वसलेले असल्यामुळे, गावाच्या ईशान्येला उभा असलेला कनकेश्वराचा डोंगर हा तेथील रहिवाशांच्या दृष्टीने भूगोलाचा भाग नसून भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा भाग ठरतो. म्हणजे तो रोज नजरेला पडतो, त्याच्या माथ्यावर ढग उतरला की वाळत घातलेली मासळी आवरायला घेतली जाते, पण त्याच्याकडे मुद्दाम असे कोणी पाहत नाही. हा डोंगर प्रत्यक्ष चढून जाण्याचा प्रसंग थळकराच्या आयुष्यात साधारणतः तीन कारणांनी येतो, ती म्हणजे नवस, श्रावणी सोमवार आणि मुंबईचे पाहुणे, आणि या तिन्हींत पाहुणे हे सर्वांत कष्टाचे कारण होय, कारण नवस एकदा फेडला की फिटतो. पाहुणा या संज्ञेचा येथील अर्थ असा की, जो गेटवेला लाँचमध्ये बसून तासाभरात मांडव्याला उतरतो, वाटेत समुद्र पाहून झाला असल्यामुळे समुद्राचा विषय संपला असे समजतो, आणि जेवणानंतर पान चघळत ‘इथे अजून बघण्यासारखं काय आहे?’ असा प्रश्न टाकतो, तो. ‘अलिबागहून आलायस का?’ हे वाक्य मुंबईत ज्याच्या तोंडी सर्वांत अधिक असते, तोच मनुष्य शनिवार उजाडला की अलिबागच्या दिशेने धावतो, हा एक सामाजिक चमत्कार आहे. या वाक्यावर बंदी घालावी अशी याचिका २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आली आणि ती फेटाळली गेली, त्यामुळे हे वाक्य आजही कायदेशीर आहे, आणि कनकेश्वराच्या अर्ध्या वाटेवर धापा टाकत बसलेल्या पाहुण्याकडे पाहून ते मनातल्या मनात उच्चारण्यास यजमानाला कोणतीही आडकाठी नाही.

थळहून या डोंगराकडे जाणारी वाट चोंढीच्या बाजूने मापगावला पोचते आणि तेथे पायथ्याशी ती पाखाडी होते. पाखाडी म्हणजे दगड बसवून बांधलेली पायऱ्यांची वाट. कोकणात घराकडे, विहिरीकडे आणि देवाकडे जाणारी प्रत्येक वाट पाखाडीच असल्याने कोकणी माणसाच्या गुडघ्यांना सपाटीची विशेष सवय नसते. कनकेश्वराची ही पाखाडी आंग्र्यांच्या अमदानीतली असून, पहिले रघुजी आंगरे (कारकीर्द १७५९ ते १७९३) यांच्या दरबारातील गोविंद रेवादास यांनी ती बांधवली असे सांगितले जाते. ज्या काळात आंग्र्यांच्या आरमाराचा दरारा समुद्रावर होता, त्या काळात त्यांच्या कारभाऱ्याला डोंगरावर दगड चढवण्याची बुद्धी व्हावी, यात विसंगती वाटण्याचे कारण नाही. समुद्रावर मिळवलेले पुण्य आणि पाप या दोहोंचा हिशेब अखेर कोरड्या जमिनीवरच मांडावा लागतो.

पायऱ्यांची संख्या हा मात्र वादाचा विषय आहे. कोणी सातशे म्हणतात, कोणी साडेसातशे म्हणतात, आणि ज्यांना एकदाच आणि तेही मे महिन्यात जाण्याचा योग आला ते हजाराच्या खाली उतरावयास तयार नसतात. या मतभेदाचे मूळ मोजणाऱ्यांच्या हलगर्जीपणात नसून मोजण्याच्या वस्तूतच आहे, कारण पावसाने सरकून जी पायरी दुभंगली तिला एक धरावे की दोन, जी मातीखाली गेली ती धरावी की सोडावी, आणि मधल्या सपाट फरसबंदीला पायरी म्हणण्याइतके औदार्य दाखवावे काय, याविषयी सर्वमान्य संकेत नाहीत. शिवाय मोजणारा हा बोलणाराही असतो. तीनशे बाराव्या पायरीवर मागून कोणीतरी ‘पाण्याची बाटली कोणाकडे आहे?’ असे विचारतो, उत्तर द्यावे लागते, आणि पुढची पायरी तीनशे तेरावी की तीनशे एकविसावी हे यजमानाच्या स्वभावावर अवलंबून राहते. चढताना आणि उतरताना केलेल्या मोजणीत हमखास फरक पडतो, याचे स्पष्टीकरण असे की चढताना माणूस पायऱ्यांबरोबर उसासेही मोजतो.

मराठी भाषेत ‘पायरी’ हा शब्द केवळ दगडापुरता नाही. ‘आपली पायरी ओळखून वागणे’ या वाक्प्रचारात तो माणसाची लायकी दाखवतो, आणि भाषेला हा अर्थ कोणत्या वाटेवर सुचला असावा याचा अंदाज कनकेश्वराच्या पहिल्या शे-दीडशे पायऱ्यांतच येतो. पायथ्याशी गप्पांमध्ये राजगड, कळसूबाई आणि हिमालयातील एखादे शिखर सर करून बसलेला मनुष्य येथे आपली पायरी ओळखतो, आणि ती ओळखताच तिच्यावर बसतो. याच ठिकाणी मराठीतील ‘दम’ या शब्दाचे सर्व अर्थ एकाच वेळी प्रत्ययाला येतात, कारण माणसाला दम लागतो, मग तो दम खातो, मुलांना पुढे धावू नका म्हणून दम देतो, आणि तरीही कोणी ‘दमलात का?’ असे विचारल्यास ‘छे, देखावा बघतोय’ असे सांगण्याचा दम बाळगतो. ज्या काळ्या दगडावर तो बसलेला असतो तो ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला. एवढ्या दीर्घ विश्रांतीचा अनुभव असलेल्या दगडावर बसून ‘फार वेळ झाला, चला आता’ असे म्हणणे थोडे उद्धटपणाचे दिसते, परंतु ते दर पाच मिनिटांनी म्हटले जाते.

बांधणाऱ्यांना ही मनुष्यस्थिती ठाऊक असावी, म्हणून वाटेवर टप्पे आहेत. टप्पा म्हणजे दम खाण्याची धर्माने मान्य केलेली जागा. तेथे थांबणाऱ्याला थकलेला असे न म्हणता भाविक म्हटले जाते, ही त्यातील खरी सोय होय. नागोबाचा टप्पा लागतो, देवाची पायरी म्हणून एक पायरी वेगळी मानलेली आहे, पुढे गायमांडी आहे, आणि माथ्याजवळ ज्याच्या नावातच पाला आहे असा पालेश्वर आहे. यांपैकी गायमांडी हे नाव विचारात टाकणारे आहे, कारण गाय मांडी घालून बसत नाही, असे कोणीही गुराखी सांगेल. परंतु तेथपर्यंत पोचलेली मंडळी चारही अवयव अंगाखाली दुमडून, मान एका बाजूला टाकून, डोळे अर्धे मिटून ज्या रीतीने बसतात ती पाहिली म्हणजे नाव ठेवणाऱ्याचे निरीक्षण गायीविषयी नव्हते हे ध्यानात येते.

याच टप्प्यांवर या वाटेवरील वेळ मोजण्याचे एकक भेटते. ते ‘दहा मिनिटं’ या नावाने ओळखले जाते आणि घड्याळाच्या दहा मिनिटांशी त्याचे नाते दूरच्या चुलत्याइतकेच असते. चढणारा विचारतो, ‘काका, अजून किती राहिलं?’ आणि उतरणारा न थांबता सांगतो, ‘हे काय, आलंच. दहा मिनिटं.’ पायथ्यापासून दोनशे पायऱ्यांवर हेच उत्तर मिळते आणि माथ्याखाली पन्नास पायऱ्यांवरही हेच मिळते, यावरून कनकेश्वराचे मंदिर चढणाऱ्यापासून सदैव दहा मिनिटांच्या अंतरावर मागे सरकत राहते, असे मानावे लागते. या उत्तराला खोटे म्हणणे अन्यायाचे होईल; उतरणाऱ्याला तो स्वतः चढत असताना कोणीतरी हेच सांगितलेले असते, आणि परंपरेने जे मिळाले ते पुढच्याला देऊन टाकणे यालाच आपल्याकडे संस्कृती म्हणतात.

वाटेवरील वन्यजीवनाचा विचार करताना एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. येथे वन्यजीवन पाहिले जाते अशी समजूत आहे. वस्तुतः येथे वन्यजीवन पाहते आणि माणूस पाहिला जातो. या निरीक्षणशास्त्रात माकडांचा अधिकार मोठा आहे. मराठीत माकड आणि वानर हे शब्द शिव्यांमध्ये एकमेकांच्या जागी वापरले जात असले तरी प्राणी वेगळे आहेत, कारण माकड लालसर तोंडाचे, आटोपशीर आणि गालांत पिशव्या असलेले, तर वानर काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे आणि गालात पिशव्या नसलेले असते. गालाची पिशवी म्हणजे मिळालेला खाऊ न चावता तात्पुरता साठवण्याची सोय. तिच्यामुळे माकड पाहुण्याच्या हातातील केळे, शेंगदाणे आणि शक्य झाल्यास प्रसादाचा नारळखोबऱ्याचा तुकडा एकाच फेरीत उचलून, पुढे सावकाश बसून त्याचा समाचार घेऊ शकते. वानराची व्यवस्था याहून निराळी असून त्याच्या पोटाचे अनेक कप्पे असतात आणि तेथे सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने पाला आंबवून पचवला जातो, म्हणून वानर झाडावर तासन्‌तास स्वस्थ बसून राहते आणि त्याच्या चेहऱ्यावर सरकारी निवृत्तिवेतन सुरू झालेल्या माणसाचे समाधान दिसते. पाहुण्यांची पिशवी उघडताना होणारा प्लॅस्टिकचा बारीक आवाज हा मनुष्याच्या कानाला दहा पावलांवर ऐकू येत नाही, पण फांदीवरच्या माकडाला तो पुरतो. कोणत्या घरात पिशवी कोण धरतो, कोण घाबरतो आणि कोण काठी असूनही ती उगारणार नाही, याचा अभ्यास त्याने पिढ्यान्‌पिढ्या केलेला आहे, आणि तो कोठेही प्रसिद्ध न करता थेट उपयोगात आणला आहे, एवढाच त्याच्यात आणि इतर विद्वानांत फरक.

पक्ष्यांच्या बाबतीत पाहुण्याची स्थिती आणखी नाजूक होते, कारण पक्षी दिसण्याआधी ऐकू येतात आणि ऐकू आलेल्या पक्ष्याचे नाव यजमानाने सांगावे अशी अपेक्षा असते. तांबट सोपा आहे. तांब्याचे भांडे ठोकल्यासारखा त्याचा टुक टुक आवाज दुपारभर चालतो आणि नावच कामावरून पडल्यामुळे चुकण्याची भीती नसते. अडचण भृंगराजाने होते. भृंगराज म्हणजे शेपटीच्या दोन लांब तारांच्या टोकांना पिसांचे झुपके लटकणारा काळा कोतवाल, आणि तो दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो; त्यामुळे हातात वही घेऊन आलेला उत्साही निरीक्षक एकाच झाडाखाली उभा राहून पाच पक्ष्यांची नोंद करतो, समाधानाने पुढे जातो, आणि पाचही पक्षी त्याच्या मागून एकाच चोचीने हसतात.

येथून जवळच, थळच्या उत्तरेला असलेल्या किहीम गावात १९३० मध्ये सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला, हे या संदर्भात आठवणे उचित ठरते. सुगरण हा नावाने स्त्रीलिंगी असला तरी घरटे विणतो तो नर. तो अर्धवट घरटे विणून ठेवतो, मादी येऊन त्याची तपासणी करते, पसंत पडले तर राहते, आणि मग नर ते पुरे करून लगेच दुसऱ्या घरट्याच्या व दुसऱ्या मादीच्या मागे लागतो, हे या निरीक्षणांतून नीट मांडले गेले. अर्धवट बांधकाम दाखवून ताबा ठरवण्याची ही पद्धत अलिबाग परिसरात त्यानंतर फार फोफावली, परंतु तिचे श्रेय सुगरणीला कोणी देत नाही. येथे मुद्दा असा की, हे सगळे कळण्यासाठी सालिम अलींना एका जागी दिवसेंदिवस बसावे लागले, तर कनकेश्वरावर आलेला पाहुणा एका झाडाला चार मिनिटे देतो, त्यांतील दोन फोन काढण्यात जातात, आणि ‘इथे काहीच दिसत नाही’ असा निष्कर्ष तो मोठ्या आवाजात जाहीर करतो, ज्यामुळे तो निष्कर्ष पुढच्या अर्ध्या तासापुरता खराही होतो.

जे दिसते ते बहुधा मागितलेले नसते. पावसानंतर वाटेवर काळ्या पंखांवर निळसर पट्टे मिरवणारे मोठे फुलपाखरू तरंगत जाते. ते नीलवंत असून २०१५ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान मिळालेल्या व्यक्तीचे बालपण सहसा गौरवाने सांगितले जाते, पण नीलवंताच्या बाबतीत ते अवघड आहे, कारण त्याची मादी लिंबाच्या कुळातील झाडांवर अंडी घालते आणि त्यांतून निघालेली कोवळी अळी शत्रूंपासून वाचण्यासाठी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. थळच्या एखाद्या परसात आजी लिंबाच्या पानावरची ती घाण केरसुणीच्या काडीने झटकून टाकते, आणि त्याच आजीचा नातू डोंगरावर मोबाइल उंचावून राज्य फुलपाखराच्या मागे सातशे पायऱ्या धावतो. पावसाच्या तोंडाला याच रानातून शेवळे निघतात, ती तोडून बाजारात आणणाऱ्या आदिवासी बायका या वाटेवर पाहुण्यांपेक्षा कितीतरी वेळा चढउतार करतात, आणि त्यांना कोणी ‘ट्रेकर’ म्हणत नाही. शेवळे म्हणजे सुरणाच्या जातीतील रानटी कंदाचा फुलोरा. तो नीट न शिजवल्यास घशाला खाज सुटते, म्हणून आंबट घालून त्याची भाजी करतात, आणि ती खाल्ल्याशिवाय पावसाळा सुरू झाला असे या भागात कोणी मानत नाही.

डोंगरी वाटांवरील प्रेक्षणीय जागांना ‘पॉइंट’ म्हणण्याची पद्धत साहेबाच्या अमलात रुजली, आणि तिचा उत्कर्ष याच जिल्ह्यात माथेरानला झाला. १८५० मध्ये मॅलेट या कलेक्टरने माथेरान शोधल्याचे सांगितले जाते (डोंगरावर आधीपासून राहणाऱ्या माणसांनी ते हरवलेले नव्हते, हा तपशील अशा शोधांच्या इतिहासात गौण समजला जातो), आणि पुढे तेथील प्रत्येक कड्याला एकेक नाव चिकटले. तेथे सूर्यास्तासाठी गर्दी होणाऱ्या जागेचे एक नाव ‘पॉर्क्युपाइन पॉइंट’, म्हणजे साळिंदराचा कडा, असे आहे. साळिंदर निशाचर असल्याने तो बाहेर पडतो तेव्हा सूर्य आणि पर्यटक दोघेही मावळलेले असतात, आणि ही व्यवस्था उभयपक्षी सोयीची आहे. कनकेश्वरावर असे फलक लावलेले पॉइंट नसून झाडी जिथे विरळ होते तिथे देखावा आपोआप उघडतो. आणि तो उघडताच जे घडते ते या संपूर्ण वाटेचे मर्म होय, कारण समोर अरबी समुद्र पसरलेला असताना चढून आलेला मनुष्य सर्वप्रथम आपले घर शोधतो.

हा विधी ठरावीक आहे. एक हात कपाळावर, दुसऱ्याचे बोट पुढे, आणि ‘तो बघ, नारळांचा पट्टा दिसतो ना, त्याच्या डावीकडे ते लाल छप्पर’, असे म्हणत ज्या घरातून सकाळी सातला बाहेर पडून, ज्याच्यापासून दूर जाण्यासाठी एवढे घामाघूम व्हावे लागले, तेच घर कौतुकाने दाखवले जाते. नारळांच्या पट्ट्याच्या डावीकडे लाल छपरे अनेक असतात, परंतु पाहुणा दयाळू असल्याने ‘हो, हो, दिसलं’ म्हणतो. थळच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्याचे मात्र असे नाही. तो सर्वांना पहिल्या प्रयत्नात दिसतो. १९८० च्या दशकात समुद्रातील वायूच्या बळावर उभ्या राहिलेल्या या कारखान्यात युरिया बनतो, आणि युरियाचे दाणे पाडण्यासाठी उंच मनोरा लागतो, कारण वितळलेला युरिया माथ्यावरून फवारतात आणि खालून वर येणाऱ्या हवेत तो पडता पडता गोठून दाणेदार होतो. निसर्गसौंदर्याचे छायाचित्र काढणारा हा मनोरा चौकटीबाहेर ठेवण्याचा आटोकाट प्रयत्न करतो, तर ज्याचे वडील तेथे पाळीवर होते तो चौकटीच्या मध्यभागी नेमका त्यालाच घेतो.

त्यापलीकडे पाण्यावर दोन वाट्या पालथ्या घातल्यासारख्या खांदेरी आणि उंदेरी दिसतात, आणि तेथे पाहण्याचा विषय एकदम गंभीर होतो. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनी खांदेरीवर तटबंदीचे काम सुरू केले, तेव्हा मुंबईचे इंग्रज अस्वस्थ झाले, कारण मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या त्या बेटावरून मुंबईत येणारेजाणारे प्रत्येक गलबत दिसते. त्यांनी अडवून पाहिले, ते साधले नाही, आणि १६८० मध्ये सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडून खांदेरीवर नजर ठेवली. म्हणजे सतराव्या शतकात ‘देखावा’ हा विरंगुळ्याचा विषय नसून तोफांचा विषय होता, आणि दोन बेटे शेजारी बसून एकमेकांकडे दुर्बिणीतून पाहत होती. २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांतील १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, त्यांत खांदेरी आहे, उंदेरी नाही. ही जुनी भाऊबंदकी अशा रीतीने साडेतीनशे वर्षांनी कागदावरही निकालात निघाली. हे सर्व यजमान बोटाने दाखवत असताना पाहुण्याची नजर उत्तरेकडे वळलेली असते, कारण हवा स्वच्छ असेल तर तिकडे मुंबईच्या इमारती दिसतात, आणि तोही आपले घरच शोधत असतो.

माथ्यावर मंदिर आहे, समोर दगडी बांधणीची पुष्करणी आहे आणि झाडांची दाट सावली आहे. कनकासुर नावाच्या असुराने शंकराशी युद्ध केले, शंकर त्याच्या पराक्रमावर प्रसन्न झाले आणि त्याच्या मागणीवरून येथेच राहिले, अशी आख्यायिका आहे. देवाशी भांडून देवाला घरी मुक्कामाला ठेवून घेणाऱ्या या असुराचा स्वभाव पुढे कोकणात सर्वत्र पसरला असावा, असे मानण्यास भरपूर पुरावा उपलब्ध आहे. येथे पोचलेली मंडळी दर्शन घेतात, पुष्करणीच्या काठाशी टेकतात, आणि ज्या उत्कटतेने लिंबाचे सरबत पितात ती पाहता गाभाऱ्यातील भक्ती थोडी उणीच वाटू लागते.

उतरण सोपी असते हा समज मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दूर होतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे ओझे अडवून धरतात, आणि अशा ताणाने त्यांच्या तंतूंना ज्या बारीक इजा होतात त्यांची वेदना एकदोन दिवसांनी भरात येते. म्हणून रविवारी कनकेश्वर उतरलेला मनुष्य सोमवारी कचेरीच्या जिन्यावर कठडा धरून उलटा उतरताना आढळतो. हे पुढचे झाले. त्या संध्याकाळी तो थळच्या किनाऱ्यावर असतो, होड्या आत आलेल्या असतात, आणि वाळूवर उभे राहून तो व त्याचे यजमान आता डोंगराकडे बोट दाखवू लागतात. ‘तिथे, त्या खाचेच्या वर, तिथे बसलो होतो आपण’, असे एक जण सांगतो; दुसऱ्याचे बोट त्याच्या बरेच उजवीकडे असते, आणि मुलाचे बोट तर डोंगर सोडून ढगात असते. शेजारी सुकट पाखडत बसलेली बाई त्या तिन्ही बोटांकडे आणि मग डोंगराच्या माथ्याकडे एकदा बघते, सुकट भराभर टोपलीत भरते, आणि ‘पाऊस येतोय’ एवढेच म्हणून घराकडे चालू लागते.